तीन पावलांवरचा निरोप

लाखनीजवळ रस्त्याखाली मोरी बांधणं चालू आहे, तिथं एक इंजिनेर साहेब येतात. तोंड उघडतात ते फक्त तंबाखू-सुपारीचा खर्रा टाकायला. बोलणं सारं मोबाइलच्या ग्रुपवर. परवा मोरीचा पाइप हातभर उंच बसून राहिला होता. तसाच राहिला असता, तर माझ्या बांधीत पाणी तुंबून धान सडलं असतं.

मी ओरडलो. साहेब म्हणाले, "बाबाजी, खाली घ्या म्हणून सकाळीच टाकलं ना ग्रुपवर!"

मिस्त्री साहेबांपासून तीन पावलांवर, अन् त्याचा फोन बटनाचा. मी चौथी नापास, पण पाय शाबूत. गेलो, सांगितलं.

"मंग सांगाचं नाही का जी!" म्हणत त्यानं पाइप खाली घेतला.

साहेबांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'टीमच्या उत्तम समन्वयाने काम पूर्ण.'

मिस्त्र्याले तेही मीच जाऊन सांगितलं.