पहिला बाक

वर्गात मी मुलांना उंचीप्रमाणे बसवायचो आणि मागून कोणाला काय दिसतं हे कधी विचारलं नाही, ही माझी चूक. दहावीचा निरोप समारंभ संपल्यावर वर्गात डोकावलो, तर कायम शेवटच्या बाकावर बसणारी उंच सुनंदा पहिल्या बाकावर एकटीच बसली होती.

"काय गं, घरी नाही जायचं?"

"जाते, सर. इथून फळा कसा दिसतो ते बघत होते. आता मागे कोणी नाही, उठवू नका हं!"

ती हसली, मला हसता आलं नाही. मघाशीच भाषणात मी सगळ्यांना पुढे जायला सांगितलं होतं. सांगणं किती सोपं असतं! तीन वर्षांत हिला एकदाही मी पुढे बोलावलं नव्हतं.

तिच्याशेजारी बसत म्हणालो, "सुनंदा, माझं चुकलं, बाळा. माफ कर."