पुलिकतचे दगडी सांगाडे आणि आईंची कोळंबी

सासूबाई रत्नागिरीच्या. चेन्नईत पेरंबूरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये येऊन त्यांना दोन महिने झाले आणि त्या परत जायचं म्हणू लागल्या. "बोलायचं कुणाशी? नातसुद्धा तमिळ बोलते." ते खरंच होतं. नऊ वर्षांच्या मुग्धाला मराठी कळतं, उत्तर मात्र तमिळमध्ये येतं. नवरा म्हणाला, "आईला निदान समुद्र दाखवू." म्हणून एका रविवारी पुलिकतला निघालो.

सेंट्रलहून गुम्मिडिपूंडीची लोकल धरायची, पोन्नेरीला उतरून पळवेरकाडूची बस. पुलिकतचं तमिळ नाव ते. बसच्या पाटीवर तेच शोधा. पाणी आणि टोपी न्याच, सावली फारशी नाही.

आधी डचांचं कब्रस्तान पाहिलं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दगडात कोरलेले सांगाडे उभे! मुग्धाने एकाच्या बरगड्या चाचपून पाहिल्या. आत थडग्यांवर खोल कोरलेली अक्षरं, वाचता येतात पण कळत नाहीत.

"यांनी बायकामुलंही आणली होती?" आईंनी विचारलं. आम्हाला कुठे ठाऊक? मुग्धा राखणदाराकडे धावली आणि परत येऊन थेट आजीला म्हणाली, "बेबी पण आहे, आजी. तिकडे. छोटा दगड."

आईंनी त्या दगडापाशी जाऊन त्यावरची पानं झाडली.

दुपारी खाडीकाठी होड्या लागल्या होत्या. आई एका कोळणीसमोर उकिडव्या बसल्या, कोळंबी हातात घेऊन म्हणाल्या, "ही कालची." मुग्धा घुटमळली, मग तिने तमिळमध्ये सांगून टाकलं. कोळीण हसली आणि मागची टोपली पुढे ओढली. आजीच्या गावी असाच समुद्र आहे का, हे तिने मुग्धाकरवी विचारलं.

"असाच. पण मागे डोंगर."

मुग्धाला 'डोंगर' कळेना. आईंनी वाळूत काढून दाखवला. कोळणीनेही वाकून पाहिला. जवळच्या खानावळीत ती कोळंबी तळून मिळाली. तिखट बेताचं घालायला सांगा. होडीतून खाडीत फिरायचं राहूनच गेलं. तिघींच्या गप्पा संपल्या नाहीत.

आई मे महिन्यात रत्नागिरीला गेल्याच, पण मुग्धाला घेऊन. सुट्टी संपवून ती परत आली, तेव्हा दारातूनच तिने मला हाक मारली, "अगो आई, जेवायला काय केलंस?"