मुलगी एक, रिबिनी दोन

लखनौ आणि परिसरातल्या तमाम मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मानक नगरचे सर्वांत खडूस गृहस्थ, निवृत्त सुभेदार भगवंत कदम, कोणाचीही परवानगी न घेता वारले आहेत. महिना होत आला, तरी मला हे पटलेलं नाही. आदल्याच संध्याकाळी त्यांच्या फाटकापुढे स्कूटर लावली म्हणून त्यांनी मला झाडलं होतं, “रेल्वेत इंजिनिअर ना तुम्ही? मग सरळ रेषा ठाऊक असेल!” आणि सकाळी दूधवाला भैया धावत आला... सुभेदार खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते.

मूळचे साताऱ्याचे, अविवाहित. निवृत्तीनंतर इथं का आलात, असं विचारलं की म्हणायचे, “हवा मानवते.” जूनमधली लखनौची हवा! आम्ही पाठीमागे पोट धरून हसायचो. अमौसीच्या विमानतळावर काम करणारी सई दर रविवारी त्यांच्याकडे यायची. ती त्यांची भाची, हे आम्हीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या सकाळी सुभेदारांच्या पुतण्याला फोन लावला. “उद्या रात्री पोचतो. तोवर अग्नी देऊ नका, रक्ताचं माणूस हवं,” तो म्हणाला. पंडितजींनीही मान डोलावली. बेटा नाही, तर भतीजा. तेवढ्यात सई ड्यूटीच्या गणवेशातच आली. “अग्नि मैं दूँगी. बेटी हूँ.” सुभेदारांना मुलगी? “अहो, त्यांचं तर लग्नच झालं नव्हतं!” माझी बायको म्हणून गेली.

वाद न घालता सई आत गेली, लोखंडी पेटीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून तिनं माझ्या हातात दिला. “काका, आप पढ़िए. मुझसे नहीं होगा.” गणेशोत्सवात वीस वर्षं नाटकं करणारा मी, खणखणीत आवाजात वाचू लागलो आणि बायको पंडितजींना हिंदीत सांगू लागली. सईची आई आधीच गेलेली. बाप सीमेवरच्या लढाईत पडला, तेव्हा ती पाच वर्षांची. सुभेदार धरून त्याच्या तुकडीतल्या सात जवानांनी तिला वसतिगृहाच्या शाळेत घातलं, आणि तिच्या प्रत्येक सुट्टीत एकेकानं रजा काढून तिला सांभाळलं. पहारा बदलताना सामान मोजून देतात, तशी हे लोक मुलगी मोजून देत! ‘सुपूर्द: मुलगी एक. रिबिनी दोन. दात एक कमी, पेरू खाताना पडला. अंधाराला भिते, दिवा चालू ठेवणे.’ खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, हुद्द्यांसकट. शेवटची चिठ्ठी सुभेदारांच्या हातची: ‘मुलगी एक. नोकरी लखनौस. आता बदली नको, मी कायम.’

ती चिठ्ठी मी नाटकी आवाज सोडून पुन्हा एकदा वाचली. पंडितजींनी दर्भ सईच्या हाती दिला, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “सात-सात बाप हैं लड़की के, और हम सुबह से बेटा ढूँढ रहे हैं!”