शंभर टक्क्यांचा आलेख

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे ‘सुसाट’ म्हणतात. हे नाव ज्यानं पाडलं, त्यानं ह्यांना जेवताना पाहिलेलं नसावं. एक उकडलेलं अंडं संपवायला ह्या माणसाला पंधरा मिनिटं लागतात. फोनवर कुणी काही विचारलं, तर उत्तराआधी इतका वेळ गप्प राहतात की पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करायला लागतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मला अजून त्याची चीड येते. पण कामात मात्र ते खरोखरच सुसाट.

काम काय, तर पॅकेटं पळवायची. आपण फोनवर बोलतो त्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे होऊन जातात, त्यांना हे लोक पॅकेट म्हणतात. ती ह्यांच्या कंपनीच्या मशीन हॉलमधून पुढं जातात, रुग्णवाहिका बोलावायच्या नंबरचीसुद्धा. तिथं एका मोठ्या संगणकाच्या पोटात दहा-बारा संगणक असतात. हाताला एकही लागत नाही, पण प्रत्येकाला वाटतं आपणच अख्खा संगणक. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. पॅकेट आलं की आधी मोठा संगणक ते घेणार, त्याची प्रत काढणार, मग आतल्याला हाक मारणार. आतला हातातलं काम टाकून उठणार आणि पुन्हा प्रत काढणार. तोवर मागची पॅकेटं सांडतात आणि बोलणं तुटतं.

मला हे कळलं ते माझ्या नोकरीमुळं. मी दातांच्या दवाखान्यात दारापाशी बसते. बेल वाजली की फाइल खाली ठेवायची, दार उघडायचं, परत येऊन फाइल कुठं ठेवली ते शोधायचं. ह्यांनी एकदा विचारलं, “मिनिटाला हजार पेशंट आले तर काय करशील?”

“राजीनामा देईन.”

“बेल काढून टाकायची. एक माणूस दारातच उभा करायचा. त्यानं दुसरं काहीच करायचं नाही, नुसतं बघत राहायचं.”

तेच त्यांनी मशीनमध्ये केलं होतं. पॅकेटं जिथून आत येतात त्या नेटवर्क कार्डाचा आतल्या संगणकाला त्याचा स्वतःचा हिस्सा दिला, मधली देवघेव काढून टाकली, आणि प्रोसेसरचे दोन कोर, म्हणजे संगणकाची काम करणारी दोन डोकी, फक्त पॅकेटांच्या रांगेकडं बघत राहायला नेमले. पॅकेटं सांडायची थांबली. गंमत अशी की असा कोर आलेखावर कायम शंभर टक्के गुंतलेला दिसतो. पहाटे शहरात कुणी फोनला हात लावत नसलं, तरी शंभर टक्केच. नवख्याला वाटतं, मशीन आता मान टाकतंय. जाणत्याला माहीत असतं, तो नुसता बघतोय.

हे जाणणाऱ्यांत माझा धाकटा भाऊ होता. त्याला तिथं चिकटवला मीच. तीन ठिकाणी भांडून तो घरी बसला होता, म्हणून मी ह्यांच्यामागं भुणभुण लावली. वशिल्याचं नाव काढलं तरी ह्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण माझ्यासाठी त्यांनी साहेबांकडं शब्द टाकला. मग दोन वर्षं रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी. मी ताटं घेऊन उभी आणि टेबलभर वायरी. पोरगं हुशार, एकदा सांगितलेलं विसरायचं नाही. विभागाची माहितीपुस्तिका त्यानंच लिहिली. तिच्यात त्याच्या हातचं वाक्य आहे: ‘हे कोर नेहमी शंभर टक्के दिसतील. तो बिघाड नाही. त्यांना हात लावू नये.’

यंदा वर नवे संचालक आले. त्यांना पॅकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आलेख फार आवडायचे. त्यांनी ठरवलं, दोन गट एकत्र करायचे आणि प्रमुख एकच ठेवायचा. अकरा वर्षं तो हॉल ह्यांनी सांभाळला होता, त्यामुळं दुसरं कुणाचं नाव आमच्या डोक्यातही आलं नाही. शेवटची बैठक झाली त्या संध्याकाळी मी लवकर घरी येऊन बसले होते.

हे आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले.

“धाकट्याला केलं,” म्हणाले.

मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी बैठकीत काय झालं ते सांगितलं. धाकटा उभा राहिला आणि त्यानं भिंतीवर आलेख लावला. लाल रेघ, शंभरावर सपाट. “बघा, दाजींच्या रचनेत हे कोर दिवसरात्र राबतायत आणि पॅकेटांची गर्दी तर दिवसातले चार-सहा तासच असते,” असं तो म्हणाला. जुनी पद्धत आहे, प्रोसेसर खाते, हे कोर सगळ्यांना वाटून टाकू. संचालकांनी ह्यांच्याकडं असं पाहिलं, म्हणे, जसं काही हे अकरा वर्षं नळ उघडा ठेवून बसले होते.

“आणि तुम्ही?”

“माझ्या फायलीत ती पुस्तिका होती.”

“मग काढली का नाही? त्याच्याच हातचं होतं ना ते?”

ह्यांनी वाकून बुटाची नाडी सोडली. मग म्हणाले, “पाच माणसांदेखत तो खोटा पडला असता. तुझा भाऊ आहे.”

असा संताप आला मला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा तो, आणि हे मूग गिळून बसले, तेही माझ्या नावानं. मला विचारलं असतं तर मी स्वतः ती पुस्तिका नेऊन भिंतीवर लावली असती.

ह्यांची बदली केबलच्या कोठारात झाली. खिडकी नाही, एक टेबल, आणि भिंतीला गुंडाळ्या. सुसाट आता वायरींना चिठ्ठ्या लावत होते. धाकट्यानं आमच्याकडं येणं बंद केलं.

कोर वाटून टाकले त्याला दीड महिना झाला असेल. आमच्या दवाखान्यात फोन यायचे ते अर्धेमुर्धे, ‘डॉक्टर आहेत’ आणि पुढं ‘का’ गायब. रुग्णवाहिकेच्या नंबरावरही हीच रड. एका रविवारी दुपारी ह्यांचा फोन वाजला. मी पलीकडचा धाकट्याचा आवाज ओळखला आणि हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिले. हे शांतपणे सांगत होते. कोर परत वेगळे काढ. कार्ड मशीनच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूचे घे, लांबचे घेतलेस तर पुन्हा सांडेल. शिकताना तू एकदा तिथंच चुकला होतास.

त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “ह्याला तुम्ही मदत केलीत?”

“रुग्णवाहिकेचे कॉल तुटत होते गं.”

धाकट्यानं सगळं होतं तसं लावलं, त्याला नवं नाव दिलं आणि ते आपलं म्हणून दाखवलं. आयत्या बिळावर नागोबा. संचालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. ते ऐकलं आणि दवाखान्यातून सुटल्यावर मी घरी न जाता थेट त्याच्या ऑफिसात गेले. ह्यांचीच खोली, ह्यांचीच खुर्ची. तो मला पाहून उठला आणि त्यानं दार लावून घेतलं.

“शंभर टक्के म्हणजे काय ते तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मग खोटं का बोललास?”

“मी खोटं काय बोललो, ताई? आलेख होता तसा दाखवला. दाजी तिथल्या तिथं एक वाक्य बोलले असते, तर माझी नोकरी गेली असती.” त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं. “पण ते बोलणार नाहीत हे पक्कं होतं.”

“कशावरून?”

“तूच सांगितलंस. बैठकीआधी आठ दिवस, तुमच्या स्वयंपाकघरात. मी विचारलं, माझं काही चुकलं तर दाजी सगळ्यांसमोर झापतील का?”

मला आठवलं. मी ताटं पुसत होते. हसत, चांगलं अभिमानानं म्हणाले होते, ‘छे रे, घरच्या माणसाविरुद्ध चारचौघांत अक्षर काढायचे नाहीत ते. मी ओळखते त्यांना.’

घरी आले तेव्हा हे जेवत होते. माझ्यासाठी ताट वाढून ठेवलेलं होतं. त्यांनी विचारलं, “उशीर झाला?”

“दवाखान्यात गर्दी होती,” मी म्हणाले.

एकोणीस वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडं पाण्याचा तांब्या सरकवला.