एका वेळी एकच दिवा

भिकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गाला शिकवत होतो. धामापूरचा एक माणूस सायकल भिंतीला टेकवून दारात उभा राहिला आणि त्याने नुसती मान हलवली. पावसाळ्यापासून भिकूचा खोकला वाढल्याचं ऐकत होतो. भेटायला जायचं रोज ठरवायचो, रोज काहीतरी निमित्त काढायचो. त्या निमित्तांमागचं खरं कारण आज लिहायचं आहे. महिना झाला, आणखी पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

आम्ही एका बाकावरचे. मी शिकून विज्ञानाचा मास्तर झालो. तो सातवीतून सुटला आणि मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात वायरमन म्हणून लागला. कारखान्यामागे कुंपणात ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्या टाकीला उलटा हात लावून भिकू भार ओळखायचा. प्रवाह दाखवणारा काटा तो नंतर बघायचा, आणि काटाही बहुतेक त्याच्याच बाजूने बोलायचा. एकदा त्याने मला विचारलं, "आतल्या दोन गुंडाळ्यांत तारेक तार लागना नाय. मगे ह्या अंगान किती मागला, ता त्या अंगाक कसा समाजता रे मास्तर?" मी खडूने तिथेच फरशीवर आकृती काढली. इकडे भार वाढला की इकडचा वाढलेला प्रवाह लोखंडातलं चुंबकत्व कमी करू बघतो. ते जागेवर राखायला पलीकडची गुंडाळी मागच्या तारांतून तेवढा जास्त प्रवाह ओढून घेते. भिकूने बराच वेळ आकृतीकडे पाहिलं. "म्हणजे हय कोणी मागला, की थंय कोणाक तरी ओढूक लागता," एवढंच म्हणाला. माझ्या पोरांना वर्षभरात जे उमगत नसे, ते त्याला एक विडी संपेपर्यंत उमगलं. मला त्याचं कौतुक वाटण्याऐवजी थोडं खुपलंच. मास्तरकीचा तोरा, दुसरं काय.

पुढच्या हंगामात बांगडा असा लागला, की रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला माणसं पुरेनात. वाळूवर ढीग, आणि बर्फ अपुरा. मालकाने दुसरा कॉम्प्रेसरही चालू करायला सांगितलं. भिकू नाही म्हणाला. दोन्ही चालले तर प्रवाह दुप्पट आणि तापणं चौपट, हे माझंच शिकवलेलं त्याने मालकाला ऐकवलं. बाहेर मासळीवाल्या बायका पाट्या घेऊन कलकलत होत्या. शेवटी मालकाने मला शाळेतून बोलावून घेतलं. कुंपणात आम्ही तिघेच होतो. मी टाकीवर हात ठेवला, विचार केल्यासारखा चेहरा केला आणि म्हणालो, तापणं हीच अडचण असेल तर टाकीवर ओली पोती घाला आणि चालवा. भिकूने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू सांगतस म्हणजे बरोबरच असतला."

पाणी विहिरीचं गोडं होतं. पोती मात्र मासळीवर घालायची, वर्षानुवर्षं मिठात मुरलेली. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते हे मी दरवर्षी मुलांना काचेच्या भांड्यात करून दाखवतो. त्या दुपारी ते माझ्या डोक्यातही आलं नाही. संध्याकाळच्या वाऱ्याने एका पोत्याचं टोक उडून टाकीवर जिथून विजेची तार आत जाते त्या चिनी मातीच्या खांबाला लागलं… एकच कडाका झाला आणि टाकीतलं तेल पेटलं.

बर्फ बंद पडला. चौथ्या दिवशी सगळा बांगडा माडांच्या मुळात पुरावा लागला. वरचे साहेब चौकशीला आले. पोती घालायची अक्कल कोणाची, असं त्यांनी विचारलं. मालक खाली बघत होता, मी तीन हातांवर उभा होतो. "माझ्याच टकलेतसून इला," भिकू म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी गप्प राहिलो.

भिकूची नोकरी गेली. गाव त्याला 'खारो वायरमन' म्हणू लागलं. तो धामापूरला भावांच्या शेतावर परतला. भेटला की भाताचं बोलायचा, तळ्यातल्या पाण्याचं बोलायचा… त्या दिवसाचं कधीच नाही. त्यानेच विषय काढावा असं मला वाटायचं आणि त्याची भीतीही वाटायची.

भिकूचं बारावं झाल्यावर एका तिन्हीसांजेला मी त्याच्या बायकोला, सरस्वतीवहिनींना, भेटायला गेलो. ओटीवर दिवा होता. चहा ठेवायला आत जाताना त्यांनी तो बंद केला आणि मगच आतला लावला. मी अंधारात बसून राहिलो. "रागावू नका भावजी, ह्यांची सवय," त्या आतूनच म्हणाल्या. "एकदम दोन दिवे लावूक दियत नसत. म्हणत, आपण हय लायलो, की मागे कोणाक तरी भार पडता."

मला राहवलं नाही. अंधाराच्या आडोशाने मी सगळं सांगून टाकलं. पोत्यांची अक्कल माझी होती हे सांगितलं, आणि मी गप्प राहिलो तेही. थोड्या वेळाने आतला दिवा विझला, आणि ओटीवरचा लागला. वहिनी दारात उभ्या होत्या.

"आता परत सांगा, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमचा तोंड माका दिसाक होया."