भूगोलाच्या बाईंची हजेरी

हजेरी घ्यायला आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंइतका वेळ लावणारं माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरं नसेल. पस्तीस मिनिटांच्या तासातली बारा मिनिटं हजेरीच चाले. नाव पुकारायचं, मान वर करायची, पोराच्या तोंडाकडं नीट बघायचं आणि मगच खूण करायची. आवाज बसलेला असेल तर का बसला, डोळे सुजलेले असतील तर का सुजले, याची चौकशी तिथंच. त्यामुळं वर्षाच्या शेवटी ब्राझील दोन तासांत उरकावा लागे. मुख्याध्यापकांनी एकदा लेखी खुलासा मागितला. बाईंनी एका ओळीत दिला : ‘वर्गात साठ मुलं आहेत, म्हणून वेळ लागतो.’ मुख्याध्यापकांनी तो फाईलला लावला आणि विषय संपवला.

पेपर तपासतानाही तेच. ‘तिसऱ्या प्रश्नापासून अक्षर बदललंय. पेन संपलं की रडू आलं?’ हा शेरा वाचून तालमीत जाणारा एक दांडगा गडी तासभर पेपर झाकून बसला होता. आम्हा शिक्षकांचीही सुटका नव्हती. मी शर्टाचं बटण चुकीचं लावून आलो, की घरी भांडण झालं का, असं त्या सगळ्यांदेखत विचारत. झालेलं असे.

एका वर्षी नववीला गारगोटीकडची एक मुलगी आली. मंगळवार पेठेत मावशीकडं राहायची. मी गणित शिकवतो. महिनाभरात माझं मत झालं की पोरगी मठ्ठ आहे. काही विचारलं की नुसती बघत राही. सहामाहीत ती चार विषयांत नापास झाली, आणि बाकीच्या शिक्षकांचंही तेच मत झालं.

बाईंना मात्र हजेरीत एक गोष्ट दिसली होती. शेजारणीनं कोपर मारल्यावरच ही ‘हजर’ म्हणायची. मग चार दिवस बाईंनी वर्गात वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभं राहून हजेरी घेतली. बाईंचं डोकं फिरलं, असं पोरं घरी सांगू लागली. पाचव्या दिवशी बाई शिक्षकखोलीत माझ्यासमोर येऊन बसल्या.

‘‘सर, पोरगी मठ्ठ न्हाय. तुम्ही तिच्या उजव्या कानाला गणित शिकवताय. तो कान बंद हाय.’’

त्याच आठवड्यात तिचे वडील दाखला न्यायला आले. घरी चार म्हशी होत्या, आणि नापास होण्यापेक्षा त्यांचं करणं बरं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मुख्याध्यापकांनी दाखल्याचं बुक काढलं. बाईंनी त्यांना थांबवलं, मुलीला वडिलांकडं तोंड करून उभं केलं, तिच्या उजव्या खांद्यामागं जाऊन हळूच हाक मारली. मुलगी हलली नाही. मग डाव्या बाजूनं मारली, तशी ती चटकन वळली.

वडील बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. ‘‘मला वाटायचं, माजलीया,’’ म्हणाले. ‘‘हाक मारली तर बघत न्हाय म्हणून लई मारलंय बाई हिला.’’

दाखला निघाला नाही. बाई स्वतः त्या दोघांना डॉक्टरकडं घेऊन गेल्या. लहानपणी कान फुटून तो अधू झाला होता, पूर्वीसारखा होणार नव्हता. बाईंनी तिचा बाक बदलला. मी माझी उभं राहायची जागा बदलली, आणि एक दिवस मधल्या सुट्टीत तिची माफी मागितली. ‘‘असू दे की सर,’’ एवढंच ती म्हणाली. दहावीला ती गणितात बेताच्या गुणांनी पास झाली. आता गावाकडच्या कॉलेजात आहे.

बाई निवृत्त होऊन गडहिंग्लजला गेल्या. एकोणीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला, पण त्यांच्या घरी कोण आहे, हे मला निरोपसमारंभात कळलं. कुणीच नव्हतं. गेल्या महिन्यात मी फोन केला आणि तुम्ही कशा आहात, असं विचारलं. पलीकडं इतका वेळ शांतता होती, की फोन कट झाला असं मला वाटलं.

‘‘बरी हाय की,’’ म्हणाल्या. मग थोडं थांबून, ‘‘तुम्हाला वेळ हाय न्हवं सर?’’

मी खुर्ची ओढून बसलो.