मागाच्या ठेक्यावरचं गाणं

आमच्या विणकरांच्या शहरातल्या भवानी पेठेत शिरलं की अजूनही सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास येतो. परवा स्कूटरवरून जाताना तो आला आणि त्यामागोमाग आमच्या जुन्या शेजारणीचं, अक्कांचं गाणं आलं. त्यांच्या घरात खाली यंत्रमाग, वर संसार. मागांवर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यांच्या खडखडाटात, सुताच्या कांड्या भरता भरता अक्का तेलुगूतलं एक उदास गाणं म्हणायच्या. मी मोजूनमापून चालणारा माणूस. शब्द कळत नसताना मन जड का होतं, हा हिशेब मला लागेना. शेवटी विचारलं.

"सासरी निघालेली पोरगी आईला इचारती, माझ्या वाट्याचं अंगण आता कोण झाडणार? एवढंच हाय की," अक्का म्हणाल्या.

एवढंच होतं खरं. पण ते ऐकताना पाणी प्यायला उठलेला कामगार उंबऱ्यातच थबकायचा, आणि मला गावी, मंद्रूपला राहिलेली माझी आई दिसायची. ज्याचं त्याचं अंगण ज्याला त्याला आठवायचं.

पाठवणीला आईनं हे गाणं म्हणायचं, ही अक्कांच्या घरची रीत. लेकीचं लग्न ठरल्यापासून त्यांना तेवढाच घोर होता. गाणं राहिलं तर लेक रिकाम्या ओटीनं गेली, असं त्या म्हणत.

पाठवणीची वेळ झाली. बँड थांबला, कार्यालय चिडीचूप झालं. अक्कांनी तोंड उघडलं, पण सूर फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. पहिली ओळच सापडेना. आम्हाला वाटलं, हुंदका अडकला. त्यांच्या नवऱ्यानं मात्र बरोबर ओळखलं. "अगं, माग बंद हाय म्हणून तुझं तोंडबी बंद व्हय?"

सगळे हसले. अक्कांचे डोळे भरले. "मागाबिगर कधी म्हणलंय का मी? आता कुटनं आणू माग हितं?"

तेव्हा नवरीच पुढे झाली. चुड्यानं भरलेल्या हातानं तिनं पत्र्याच्या टेबलावर ठेका धरला. खटाक-खट, खटाक-खट. पाळण्यात असल्यापासून तिनं ऐकलेला ठेका. मग वडिलांनी धरला, गल्लीतल्या विणकरांनी खुर्च्यांवर धरला, आणि लग्नाच्या कार्यालयाचा कारखाना झाला. माझाही हात चालू लागला. शेजारचा विणकर कानाशी म्हणाला, "साहेब, धोटा चुकतोय तुमचा!"

आणि अक्कांचा आवाज उठला. तेच दुःख, तोच प्रश्न. पण त्या दिवशी ते गाणं मान ताठ करून चाललं होतं. नवरी रडत होती आणि ठेका सोडत नव्हती. वरमाय एका हातानं डोळे पुसत होती, दुसऱ्या हातानं खुर्ची वाजवत होती. इतक्या ओल्या डोळ्यांनी इतकी जिंकलेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

त्या घरातले माग आता विकले गेले. खळीचा वास येतो तो शेजारच्या गल्लीतून. आमचीही लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिच्या वाट्याचं अंगण माझ्याकडे आलं. सकाळी झाडू लागलो की थोड्या वेळानं खराटा आपोआप ठेक्यात पडतो. खटाक-खट, खटाक-खट. आता माझा धोटा चुकत नाही.